दुसऱ्या पसंतीचा सदस्य

नरेंद्र इंगोलेचा मला राग येतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी त्याचं कौतुक करायला लागलो तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

नरेंद्र रिसोडच्या बाजार समितीत मापाडी आहे. मूळचा इंझोरीचा. वडील जानराव दुसऱ्याच्या वावरात राबले आणि पोराला शिकवत राहिले. पोरगं राज्यशास्त्रात एम.ए. झालं. व्हायचं होतं प्राध्यापक, झाला मापाडी. सोयाबीनच्या हंगामात काट्याजवळ कानाला पेन लावून उभा असतो आणि एखादा कास्तकार घाई करायला लागला की त्याला शांतपणे सांगतो, "थांब बावा, काटा शून्यावर येऊ दे."

एकदा काट्याचा एक पाय जमिनीत जरासा रुतला होता. वजन शे-दोनशे ग्रॅमनं इकडेतिकडे होत असेल. यानं सगळी रांग थांबवली. ट्रॅक्टर पार रस्त्यापर्यंत उभे, व्यापारी तणतणतायत, आणि ज्यांचा माल कमी भरू नये म्हणून हा सगळा खटाटोप चाललाय ते कास्तकारच याला शिव्या देतायत. दीड तासानं काटा सरळ झाला. तेव्हापासून त्याला ओळखणाऱ्यांचे दोन भाग पडले: एक म्हणतो माणूस सोन्यासारखा, दुसरा म्हणतो डोक्याला ताप. मी दोन्हीकडे असतो.

माझं बसस्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. नाव चांद. मी स्वतः बाहेरून परीक्षा देऊन बी.ए. झालो, म्हणजे कॉलेजची पायरी फक्त पेपरला चढलो. आमच्या विद्यापीठाला एक सिनेट असते, तिला मराठीत अधिसभा म्हणतात, आणि तिच्यात पदवीधरांनी निवडून दिलेले दहा सदस्य बसतात, हे मला नरेंद्रनं सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. विद्यापीठ आमच्यापासून पाच तासांवर. तिथले लोक निवडणूक लढवतात, तिथलेच मतदान करतात, तिथलेच निवडून येतात. वाशिम जिल्ह्याचा त्या सभागृहात माणूस नाही, आणि नाही याची कुणाला खंतही नाही.

"यादीत नावच नाईत आपल्या लोकाईचे," नरेंद्र म्हणाला. "डिगरी घरी पेटीत ठेवून देतात. फॉर्म कोनी भरत नाई."

मग आम्ही फॉर्म भरले. सहा महिने. तो संध्याकाळी मोटरसायकलवर गावं फिरायचा, एकदा तर जऊळक्याच्या स्टेशनवर गाडीची वाट बघणाऱ्या मास्तरांकडूनही भरून आणले. डिग्रीच्या प्रती माझ्या मशीनवर निघाल्या. एकट्या रिसोड तालुक्यातून चारशे बारा पदवीधर यादीत चढले, त्यांतला एक मी.

तिथं दोन पॅनल होती, उन्नती आणि जागर. दोघांचं एकमेकांशी इतकं वाकडं की एकानं दिवस आहे म्हटलं तर दुसरा रात्र आहे असा हरकतीचा मुद्दा मांडणार. या निवडणुकीत मतपत्रिकेवर पसंतीचे आकडे टाकायचे असतात. उन्नतीवाल्यांनी आपल्या माणसांना पहिली पसंती दिली; दुसरी कुणाला द्यायची? जागरला तर नाहीच. त्यापेक्षा हा रिसोडचा मापाडी बरा. जागरवाल्यांनीही तोच हिशेब केला. नरेंद्र इंगोले दुसऱ्या पसंतीच्या मतांवर निवडून आला. त्याच्या बायकोनं, सपनानं, पेढे वाटताना सरळ सांगितलं, "यायले पसंत कोनी केलं नाई, दुसरा नको म्हनून हे आले." नरेंद्र सगळ्यात मोठ्यानं हसला.

सिनेटमध्ये जाऊन त्यानं काय केलं? नियमांचं पुस्तक पाठ केलं. त्याच्या घरी भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि खाली फळीवर संविधान, त्याच्या शेजारी हे विद्यापीठाचं नियमपुस्तक जाऊन बसलं. मी म्हटलं, अरे हे काय तिथं ठेवायचं पुस्तक आहे? तर म्हणे, "कायदा छोटा असला म्हनून काय झालं?"

दुसऱ्या वर्षी त्याचं नाव पेपरात आलं. उन्नती पॅनलचे पुढारी गोपीचंद सर. गोड बोलणारे, निवृत्त प्राचार्य. त्यांनी संध्याकाळी, सभागृह अर्ध्याहून जास्त रिकामं झाल्यावर, एक प्रस्ताव आणला: प्रत्येक निवडणुकीआधी प्रत्येक पदवीधर मतदारानं स्वतः विद्यापीठात येऊन कागदपत्रांची पडताळणी करून घ्यावी, नाही आला तर नाव वगळावं. ऐकायला किती स्वच्छ. पण विद्यापीठाच्या गावातल्या माणसाला ते दहा मिनिटांचं काम, आणि आमच्या माणसाला जाऊन-येऊन दहा तास. म्हणजे चारशे बारा नावं साफ. नरेंद्र उभा राहिला आणि म्हणाला, "अध्यक्ष महोदय, कोरम मोजावा." शहात्तर जणांच्या सभागृहात किमान सव्वीस लागतात. मोजले, तर एकोणीस निघाले. प्रस्ताव पडला. त्या दिवसापासून त्याला तिथं कोरमभाऊ म्हणायला लागले.

इथवर सगळं ठीक होतं. मीही दुकानात ते कात्रण लावलं होतं.

मग तिसऱ्या वर्षी विद्यापीठानं रिसोडचं परीक्षा केंद्र बंद केलं. बाहेरून परीक्षा देणारे दोनशेच्या आत आहेत, असं पत्रात कारण. आता सगळ्यांनी वाशिमला जायचं. बाहेरून परीक्षा कोण देतं? ज्या पोरींची लग्नं झाली, ज्या मजुरीला जातात, ज्यांच्या घरी कुणीतरी अंथरुणावर आहे. माझी नमरा त्यांतली. माझी बायको गेली तेव्हा ती दहावीत होती. त्यानंतर माझ्या आईला, हाजराबीला, लकवा झाला. आईचं सगळं नमरा करते: उठवणं, धुणं, भरवणं. आई माझ्या हातून ते करून घेत नाही, तोंड फिरवून घेते. शेजारच्या हिरीबाई तीन तास बसतात, त्यांच्यानं त्याहून जास्त होत नाही. रिसोडात पेपर असला तर तीन तासांत नमरा घरी. वाशिमला म्हणजे सकाळच्या एस.टी.नं निघून दुपार टळल्यावर परत, असे सहा पेपर. पहिलं वर्ष ती इथं पास झाली होती. त्या वर्षी ती परीक्षेला बसली नाही.

मी नरेंद्रला म्हटलं, "तू तिथं कायले जातं मंग? केंद्र आन वापस."

त्यानं प्रस्ताव लिहिला. काय सुंदर लिहिला. चाळीस किलोमीटरच्या आत दुसरं केंद्र नसेल तिथं दोनशेची अट लावू नये. मीच टाइप केला. पहिल्या सभेत तो विषयपत्रिकेवर सतराव्या क्रमांकावर होता. दिवसभर मागच्या सभेच्या इतिवृत्तातल्या एका वाक्यावर दोन्ही पॅनल भांडत बसले. गाडी चौथ्या विषयापुढे गेलीच नाही. दुसऱ्या सभेत वाचायला घेतला, तर जागरच्या एका सदस्यानं हरकत घेतली: सूचना पंधरा दिवस आधी यायला हवी होती, चौदा दिवस आधी आली. पोस्टानं एक दिवस खाल्ला होता. नियमपुस्तक उघडलं, तर हरकत बरोबर! नरेंद्रनं स्वतःच कबूल केलं. मी विचारलं, "कबूल काहून केलं?" तो म्हणाला, "नियम होता न." तिसऱ्या सभेत आधी बोलायची संधी कुणाला दिली यावरून जागरवाले अध्यक्षांच्या समोरच्या मोकळ्या जागेत जाऊन बसले आणि सभा तहकूब झाली.

दर वेळी हा माणूस पाच तास जायचा, पाच तास यायचा, आणि बसमधून उतरून आधी माझ्या दुकानाशी यायचा. मी त्याचा चेहरा बघायचो आणि विचारायचोही नाही. घरी नमरा मात्र विचारायची, आणि मला दर वेळी तिला सांगावं लागायचं की तुझ्या परीक्षेविरुद्ध कुणीच बोललं नाही, सगळे तुझ्या बाजूनं आहेत, फक्त ते झालं नाही. हे वाक्य वीस वर्षांच्या पोरीला समजावून सांगून बघा.

शेवटच्या सभेला मी त्याच्याबरोबर गेलो. पाच वर्षांची मुदत संपत होती. त्यानंतर सिनेट बरखास्त आणि निवडणूक. वरच्या गॅलरीचा पास त्यानं मला काढून दिला. मी खास इस्त्रीचा शर्ट घातला होता. वाटलं होतं, काहीतरी भारदस्त बघायला मिळेल. दिसलं काय? सकाळचे दोन तास इतिवृत्तावर, मग जागर पॅनल घोषणा देत सभात्याग करून निघून गेलं. त्यांना कॅन्टीनमध्ये पोहे खाताना मी जेवणाच्या सुट्टीत पाहिलं. चेहऱ्यावर मोठं काम फत्ते केल्याचं समाधान.

त्याच सुट्टीत गोपीचंद सर नरेंद्रजवळ आले. मी बाजूलाच होतो. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "इंगोले, तुमचा विषय आपण पहिलाच घेऊ. मुलींचा प्रश्न आहे, आमचा पाठिंबा आहे. फक्त आज ते मोजामोजीचं काढू नका. लोक कमी आहेत, तुमचंच नुकसान होईल."

नरेंद्रनं तोंड उघडायच्या आत मीच बोललो. मी म्हटलं, "सर, नाही काढणार." मला कुणी विचारलं नव्हतं.

दुपारी सभा सुरू झाली. मी वरून डोकी मोजली. एकवीस. पाच कमी. पण कोरम कुणी मागितल्याशिवाय मोजत नाहीत, हे एव्हाना मलाही पाठ झालं होतं. नरेंद्रनं प्रस्ताव वाचला. वाचताना त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता, घाईघाईनं वाचला. बाकं वाजली. मंजूर. दोन वर्षं जे झालं नाही ते चार मिनिटांत झालं. मी गॅलरीत एकटाच होतो, नाहीतर शेजारच्याला मिठी मारली असती.

आणि लगेच गोपीचंद सर उठले. "अध्यक्ष महोदय, वेळ कमी आहे, विषय क्रमांक नऊ आता घ्यावा." विषय नऊ म्हणजे तोच, पडताळणीचा. प्रत्येक मतदारानं स्वतः यावं, नाही आला तर नाव वगळावं.

मला समजायला जरा वेळ लागला. नरेंद्रला लागला नाही. कोरम मागितला तर नऊ नंबर पडणार, पण मग एक नंबरही पडणार, कारण तोही याच एकवीस डोक्यांनी मंजूर केला होता. नाही मागितला तर दोन्ही राहणार. गोपीचंद सर त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते. कशाला बघतील?

नरेंद्र उभा राहिला, त्याचा हात माइकच्या बटणाकडे गेला. मी वरून पाहिलं. मी खिशातून फोन काढला आणि त्याला लिहिलं: "नमराची परीक्षा आहे. बस." पाठवलं.

त्यानं फोन बघितला. मग मान वर करून गॅलरीकडे बघितलं. त्याच्या तोंडावर राग नव्हता, मला तेच सहन झालं नाही. तो मला विचारत होता. खरंच विचारत होता, "नक्की का?" म्हणून. मी हातानं खूण केली, खाली बस.

तो बसला. बाकं वाजली. मंजूर.

परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला होता. कारंजा मागे पडल्यावर म्हणाला, "चांदभाई, माह्याकडून आज गलत काम झालं."

"पोट्ट्याईचं भलं झालं ते गलत?" मी म्हटलं. "सगळं तुह्याच पुस्तकानं चाललं पाह्यजे काय?"

"पुस्तक माहं नाई न," तो म्हणाला, आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागला.

मी चिडलो. अजूनही त्या वाक्यावर चिडतो. आपण माणसाला म्हणावं भांड, तर त्यानं भांडावं. भांडून मिळालं तर खुश व्हावं. हा मिळाल्यावरही तोंड पाडून बसणार. घरी येऊन मी नमराला सांगितलं तेव्हा ती आजीच्या केसांना तेल लावत होती. तिनं तसंच, तेलकट हातानं, माझा हात धरला. पुढच्या वर्षी रिसोडच्या केंद्रावर एकशे चाळीस बायकापोरी परीक्षेला बसल्या. हिरीबाई तीन तास आईजवळ बसायच्या, तेवढ्यात नमरा घरात. दुसरं वर्ष ती चांगल्या मार्कांनी पास झाली. मी पेढे घेऊन नरेंद्रकडे गेलो. त्यानं पेढा खाल्ला, नमराची चौकशी केली आणि विचारलं, "पडताळणीची तारीख लागली. जाऊन येतं न?"

तारीख कुठली, पंधरा दिवस होते. पण फक्त कामाचे दिवस, अकरा ते तीन, स्वतः, मूळ डिग्री घेऊन. ते दिवस प्रवेशाचे. माझ्या दुकानापुढे रांग असते त्या वेळी, दाखले, मार्कशीट, आधार. मी म्हटलं, जातो. नरेंद्रनं जीप ठरवली. त्या दिवशी नेमकी मशीन बिघडली आणि मेकॅनिक यायचा होता. दुसऱ्यांदा जीप ठरली. त्या दिवशी दुकान सोडायचा जीव झाला नाही. मास्तर लोकांना रजा नव्हती. बायांना कोण सोडतं? तिसऱ्यांदा त्यानं मला विचारलंच नाही. चारशे बारांपैकी अकरा जण गेले. नरेंद्र धरून.

मी मनात म्हटलं, एका माझ्या नावानं काय होतं.

निवडणूक झाली. नरेंद्र पुन्हा उभा होता. पण या वेळी गोपीचंद सर आणि जागरवाले यांच्यात आतून समेट झाला होता. दुसरी पसंती त्यांनी एकमेकांना दिली. निकाल पेपरात आला तो मी दुकानात उभ्या उभ्या वाचला. दहा जागा. वाशिम जिल्ह्याचा एकही नाही. नरेंद्र पहिल्या दोन फेऱ्यांतच बाहेर. मला वाईट वाटलं, नाही असं नाही, पण खरं सांगायचं तर असंही वाटलं की बरं झालं, सुटला बिचारा. आता तरी घरी राहील.

दिवाळीनंतर कॉलेजात पत्र आलं. रिसोड केंद्र एका वर्षाच्या अनुभवानंतर बंद करण्यात येत आहे. मागचा ठराव कोरमअभावी वैध नव्हता, असं नवीन सभेत कुणीतरी त्या दिवशीची हजेरी काढून दाखवून दिलं होतं. विषय नऊचं काय? तोही त्याच दिवशीचा, तेवढ्याच डोक्यांचा. त्याबद्दल कुणी काही दाखवून दिलं नाही. दाखवणारा तिथं कोण होता?

नमराचं शेवटचं वर्ष. एवढं एकच राहिलं होतं.

मी पत्राची प्रत काढली आणि तडक बाजार समितीत गेलो. नरेंद्र काट्यावर होता. माझ्या अंगात इतका संताप होता की मी लोकांसमोरच सुरू झालो. म्हटलं, कसले लोक आहेत हे, आपलाच ठराव मोडायला आपलाच नियम काढतात, तू लिही, आत्ताच्या आत्ता लिही, असा अर्ज लिही की त्यांची झोप उडेल.

त्यानं समोरचं पोतं तोलून संपवलं, पावती फाडून दिली, आणि मग पत्र वाचलं. "लिवतो न," तो म्हणाला. तिथंच पोत्यावर कागद ठेवून लिहायला बसला. अक्षर तेच, वळणदार. पानभर मुद्दे, कुणावर एक वाईट शब्द नाही. मला तर दोन-चार हवे होते.

"सभेत विषय मांडाले सदस्य लागते," तो म्हणाला. "सदस्य आपला नाई. पन नियम असा हाय का, नोंदनीकृत मतदाराईनं सही करून अर्ज देल्ला तर त्याईले तो घ्या लागते. पंचवीस सह्या."

"पंचवीस? पन्नास आनतो," मी म्हटलं, आणि त्याच्या हातातून पेन घेतला.

अर्जाखाली त्यानं रकाने आखले होते. नाव, सही, आणि मधल्या रकान्यात मतदार क्रमांक. मी नाव लिहिलं. पेन मधल्या रकान्यावर थांबला.

नरेंद्रनं दुसरीकडे बघितलं, आणि पुढच्या ट्रॅक्टरवाल्याला हात केला. एवढ्या वर्षांत त्यानं मला एकदा जरी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मी नाव खोडलं. आख्ख्या तालुक्यात आता अकराच जण होते, आणि त्यांतले तीन बदलीनं गेले होते. अर्ज घेऊन मी घरी आलो. नमरा आजीला भरवत होती. तिनं घास खाली ठेवून कागद हातात घेतला, शेवटपर्यंत वाचला, आणि माझं खोडलेलं नाव बघितलं. विचारलं, हे का खोडलं. मी म्हटलं, माझं नाव आता यादीत नाही. ती म्हणाली, का नाही.

दुकानाची रांग, बिघडलेली मशीन, मेकॅनिक, पाच तासांचा रस्ता, हे सगळं माझ्याकडे तयार होतं. आईचं तोंड उघडं होतं, घासाची वाट बघत.

मी म्हटलं, मी गेलो नाही.